विजेचा अंदाज कोण बांधतो आणि तो तपासतो कोण? महाराष्ट्रातील वीज नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज दराच्या सुनावण्यांना जायला लागल्यापासून शेजारीपाजारी बिल हातात घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरे तोंडी देऊन घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच सगळी लिहून ठेवतो आहे.

माझ्या बिलाचा आणि त्या ‘मागणीच्या अंदाजा’चा संबंध काय?

बिल उलगडून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शेवटी वीज शुल्क. यातली वीज शुल्काची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. बाकीच्या रकमेतला सर्वात मोठा वाटा वीज खरेदीचा असतो. महावितरण स्वतः वीज तयार करत नाही, ती विकत घेते आणि त्यासाठी वीज प्रकल्पांशी बहुधा २५-२५ वर्षांचे करार करते. या करारांत दोन दर असतात. प्रकल्प उभा करून तयार ठेवल्याबद्दलचा स्थिर खर्च आणि प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटमागचा इंधनाचा खर्च. वीज घेतली नाही तर इंधनाचे पैसे वाचतात, पण स्थिर खर्च भरावाच लागतो. मंगल कार्यालय ठरवले आणि लग्न मोडले, तरी भाडे सुटत नाही, तसेच.

किती कार्यालये ठरवायची हे मागणीच्या अंदाजावर ठरते. एक गैरसमज इथेच काढून टाकतो. बिलातला ‘स्थिर आकार’ म्हणजे हा सगळा स्थिर खर्च नव्हे. त्याचा काही भागच तिथे दिसतो. उरलेला युनिटच्या दरात मिसळलेला असतो आणि बिल बघून तो वेगळा काढता येत नाही.

हा खर्च साधारण किती असतो?

एक कल्पित हिशेब करू. १,००० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प वर्षातला ८५ टक्के वेळ उपलब्ध राहिला, तर तो सुमारे ७४५ कोटी युनिट देऊ शकतो. स्थिर खर्च युनिटला दीड रुपया धरला तर वर्षाला साधारण १,११७ कोटी रुपये झाले. अंदाज चुकला आणि यातली एकही युनिट लागली नाही, तरी ही रक्कम भरायची. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

अंदाज बांधते कोण?

तीन ठिकाणी तीन वेगवेगळे अंदाज बांधले जातात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

दिल्लीचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर काही वर्षांनी देशाचे आणि राज्यांचे विद्युत सर्वेक्षण काढते. विसावे सर्वेक्षण २०२२ साली आले. महावितरण, बेस्ट, टाटा, अदानी हे वीज वितरणाचे परवानाधारक आपापल्या भागाचा अंदाज दर ठरवणाऱ्या नियामक आयोगापुढच्या याचिकेत मांडतात. आणि उद्या दुपारी अडीच वाजता राज्याला किती वीज लागेल, हे ऐरोलीचे राज्य भार प्रेषण केंद्र बघते.

शेवटचा अंदाज सर्वात अचूक असतो, पण तोही फसतो. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे घालवायचे आवाहन होते. देशाची मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल, असे ग्रिड चालवणाऱ्यांनी धरले होते. ती उतरली ३१ हजारांनी. जलविद्युत संच हाताशी तयार ठेवले होते म्हणून निभावले. एका रात्रीचा, तोही आधी जाहीर झालेला प्रसंग इतका चुकतो, तर दहा वर्षांपुढच्या आकड्याकडे किती भक्तिभावाने बघायचे ते तुम्हीच ठरवा.

दहा वर्षांपुढचे गणित मांडतात तरी कसे?

सोपी रीत म्हणजे मागच्या काही वर्षांची वाढ काढायची आणि तीच पुढे ओढायची. घरगुती, व्यापारी, उद्योग, शेती, पाणीपुरवठा असा प्रत्येक वर्गाचा वेगळा टक्का काढतात. केंद्रीय प्राधिकरण याच्या एक पाऊल पुढे जाऊन घरे किती वाढतील, पंप किती बसतील, कारखाने किती येतील, हेही जोडून पाहते.

मेख टक्क्यात असते. आजची मागणी १०० धरा. वर्षाला ५ टक्के वाढली तर दहा वर्षांनी ती १६३ होते, ७ टक्क्यांनी १९७. पाच आणि सात यांवर सुनावणीत कोणी आवाज चढवत नाही, पण फरक ३४ चा पडतो. आज महावितरणची कमाल मागणी २५ हजार मेगावॅटच्या घरात आहे. त्या मापाने हा फरक साडेआठ हजार मेगावॅटचा, म्हणजे चार कोयनांहून जास्त.

नियामक आयोग म्हणजे सरकारच ना?

नाही, पण प्रश्न अगदी खुळचटही नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. पुढे २००३ च्या वीज कायद्याने त्याचे अधिकार वाढवले. दर ठरवणे कलम ६२ खाली येते. परवानाधारकाने वीज कोणाकडून, किती आणि काय भावाने घ्यायची यावर देखरेख ठेवणे कलम ८६ खाली. ग्राहकाच्या दृष्टीने हे दुसरे काम जास्त मोलाचे, कारण करार एकदा मान्य झाला की पुढे दर कमी करायला फारशी जागाच उरत नाही.

अध्यक्ष आणि सदस्य निवडायला समिती असते. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती तिच्या अध्यक्षस्थानी असतात, मुख्य सचिवही तिच्यात असतात. सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत सरकार आयोगाला कलम १०८ खाली निर्देश देऊ शकते. दर अमुकच ठेवा, असे सांगता येत नाही. एखाद्या वर्गाला वीज स्वस्त द्यायची असेल तर सरकारने कलम ६५ प्रमाणे अनुदान आगाऊ भरायचे असते. कायद्यात तसे लिहिले आहे, एवढेच म्हणतो.

अडचण अशी की महावितरणची मालकी सरकारची, आयोगावरच्या नेमणुका सरकारच्या सहीने आणि अनुदानही सरकारचेच. त्यामुळे आयोग किती ताठ उभा राहतो, हे खुर्चीत कोण बसले आहे यावर बरेच अवलंबून असते.

अंदाज चुकल्याचे एक ठळक उदाहरण सांगा.

दाभोळचा वीज प्रकल्प. तिशीच्या आतल्या वाचकांना हे नाव ओझरतेच माहीत असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९१ मध्ये केंद्राने वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली केली आणि भांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी दिली. जून १९९२ मध्ये अमेरिकेची एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ (ज्यातून पुढे महावितरण निघाली) यांच्यात समझोता झाला. डिसेंबर १९९३ मध्ये खरेदी करार झाला. प्रकल्पाची जागा गुहागर तालुक्यातले अंजनवेल. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा, दोन्ही मिळून २,०१५.

मधल्या काळात जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. एवढी महागडी वीज दिवसरात्र घेण्याइतकी मंडळाची गरज नाही, असा तिच्या आक्षेपाचा रोख होता. साध्या मराठीत, मागणीचा अंदाज फुगलेला आहे. संध्याकाळी चार तास वीज कमी पडते हे खरे होते. पण करार होता चोवीस तासांच्या विजेचा. राज्याच्या एका अख्ख्या पिढीला वीज नियोजनातली ‘किती’ आणि ‘केव्हा’ यांतली तफावत या एका प्रकल्पाने शिकवली.

१९९५ मध्ये सरकार बदलले. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांची समिती नेमली गेली आणि ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. काही महिन्यांतच नव्याने वाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला, तोही मोठा होऊन, २,१८४ मेगावॅटचा. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. तीन महिन्यांनी नियामक आयोग स्थापन झाला. वरात निघून गेल्यावर पत्रिका जुळवायला बसावे, तसला प्रकार.

पुढे काय झाले ते आकड्यांतच दिसते. इंधन नाफ्था, दर डॉलरला बांधलेला. दाभोळची वीज घ्यायची तर मंडळाला स्वतःचे कोळशाचे स्वस्त संच कमी चालवावे लागत. न घ्यावी तरी स्थिर खर्च सुटत नसे. कमी युनिट घेतल्यावर तोच खर्च थोड्या युनिटवर पसरला आणि काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्या वर गेली. तेही त्या काळच्या रुपयात. मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडला आणि प्रकल्प बंद पडला. त्याआधीच माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने या व्यवहाराची चिरफाड करणारा अहवाल दिला होता. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या भागीदारीतली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी तिथे आली.

दाभोळची वीज जास्त झाली होती, तर लगेच पुढे लोडशेडिंग कसे आले?

दाभोळने पोळल्यावर राज्याने काही वर्षे नव्या क्षमतेचे नावच काढले नाही. दुधाने तोंड भाजले म्हणून ताक फुंकत बसलो आणि मागणी मात्र थांबली नाही. २००५ ते २०१२ या काळात खेड्यांत बारा-चौदा तासांचे भारनियमन ज्यांनी काढले, त्यांना वेगळे सांगायला नको. दहावीची पोरे कंदिलावर अभ्यास करत होती आणि पुण्यासारख्या शहरात २००६ पासून उद्योगांचे स्वतःचे जनरेटर वापरून, ग्राहकांकडून थोडे जादा पैसे घेऊन भारनियमन टाळले जात होते. ज्या फीडरवर (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर) गळती जास्त, तिथे अंधार जास्त, असे गट आयोगाच्या आदेशांत होते. बिल नियमित भरणारा पण चोरट्यांच्या फीडरवर राहणारा माणूस विनाकारण भरडला गेला, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

मग गाडी पुन्हा दुसऱ्या टोकाला गेली. तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा प्रकल्प, अमरावतीजवळ नांदगाव पेठेचा १,३५०, कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच, भुसावळ आणि चंद्रपूरचे नवे संच, सगळे काही वर्षांत येऊन उभे राहिले. मागणी त्या वेगाने वाढली नाही. ‘अतिरिक्त वीज’ हा शब्द याचिकांत दिसू लागला आणि बंद ठेवलेल्या संचांचा स्थिर खर्च ग्राहकांच्या दरात येऊन बसला.

राज्यात वीज भरपूर आहे म्हणता, मग आमच्याकडे संध्याकाळी का जाते?

कारण तो प्रश्न वेगळा आहे. वीज विकत घेणे एक आणि ती तुमच्या दारापर्यंत पोचवणे दुसरे. आमच्या गल्लीतला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, वीस वर्षांपूर्वीच्या घरांच्या हिशेबाने बसवलेला आहे. तेव्हा एका घरात एक फ्रीज होता. आता त्याच घरावर दोन मजले चढले आहेत आणि चार एसी लागले आहेत. मे महिन्यात रात्री दहाला फ्यूज उडतो. लाइनमन येतो, तार बांधतो आणि म्हणतो, “काका, लोड वाढलाय.” हासुद्धा मागणीचाच अंदाज, फक्त गल्लीपुरता. आणि राज्याच्या आकड्यांवर जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशानेही या आकड्यावर होत नाही.

मुंबईचेही थोड्या मोठ्या मापाने हेच. शहराला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांची क्षमता वर्षानुवर्षे अपुरी होती. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळी मुंबई अंधारात गेली, तेव्हा ही अडचण सर्वांना दिसली. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. ती कागदावर मात्र कितीतरी आधीपासून होती.

शेतीपंपांच्या आकड्यावर एवढा वाद का?

सगळ्या याचिकेतले सर्वात महत्त्वाचे पान हेच, असे मी म्हणेन.

घरगुती विजेची विक्री मीटरवर मोजलेली असते. शेतीत लाखो पंप मीटरविना आहेत. अनेक ठिकाणी मीटर आहे पण बंद आहे, किंवा त्यावर वेलच चढला आहे. मग वापर कसा काढतात? पंपाची अश्वशक्ती गुणिले तास. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॅट. वर्षात १,२०० तास चालला असे धरले तर ४,४७६ युनिट, १,६०० तास धरले तर ५,९६८. एका पंपामागे जवळपास दीड हजार युनिटचा फरक, तोही टेबलावर बसून. राज्यात मोफत विजेच्या योजनेत आलेले शेतकरीच सुमारे ४४ लाख आहेत. त्यांचे सगळ्यांचे पंप पाचचे धरून गुणाकार केला तर फरक साडेसहाशे कोटी युनिटच्या वर जातो. विहिरीत पाणी किती, पाऊस किती झाला, फीडरला पंप चालवायला लागणारी थ्री फेज वीज किती तास होती, हे या गुणाकारात येतच नाही.

आता यात कोणाचा फायदा? जेवढी वीज यंत्रणेत सोडली आणि जेवढी विकली, त्यातला फरक म्हणजे गळती. गळतीत चोरीही आली, तारेवर आकडे टाकून वीज ओढणेही आले. शेतीचा वापर फुगवला की गळती आपोआप खाली येते. शेतकऱ्याच्या नावावर थकबाकी चढते, सरकारकडे अनुदान मागता येते, आणि कंपनीची कार्यक्षमता कागदावर सुधारते. जुन्या विद्युत मंडळाच्या काळात गळती बरीच कमी दाखवली जायची. आयोग आला, आकडे उघडे पडले, तेव्हा ती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे निघाले. पुढे आयोगाने शेतीच्या वापराचा अभ्यास करायला कार्यगटही नेमला आणि कंपनीचा दावा जसाच्या तसा मान्य करणे थांबवले. माझ्या लेखी आयोगाचे आजवरचे सर्वात मोठे काम हेच आहे.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, त्यावर वाद घालत नाही. पण ज्याला बिलच यायचे नाही, तो मीटर बंद पडल्याची तक्रार कशाला करेल?

केंद्राचे सर्वेक्षण तरी खात्रीचे असते का?

तुम्हीच पाहा. २०२१-२२ साठी देशाची कमाल मागणी अठराव्या सर्वेक्षणात सुमारे २ लाख ८३ हजार मेगावॅट धरली होती. एकोणिसाव्यात तोच आकडा २ लाख २६ हजारांवर आला. प्रत्यक्षात ती २ लाख ३ हजारांच्या आसपास राहिली. मधे कोविड आला हे खरे, पण ऐंशी हजारांची तफावत एकट्या कोविडवर ढकलता येणार नाही. पुढे उलटही झाले. मे २०२४ च्या उन्हाळ्यात मागणी अडीच लाखांपर्यंत चढली आणि धावपळ उडाली.

‘रिसोर्स ॲडिक्वसी’ नावाचे नवे नियम काय आहेत?

मराठीत ‘संसाधन पर्याप्तता’ म्हणतात, पण सुनावणीत हा शब्द कोणी उच्चारताना मी ऐकलेला नाही. केंद्राने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, महाराष्ट्राच्या आयोगाने २०२४ मध्ये स्वतःचे विनियम केले. परवानाधारकाने आता पुढच्या दहा वर्षांचा अंदाज द्यायचा, दरवर्षी नवा करायचा, आणि वर्षाच्या एकूण युनिटऐवजी तासातासाची मागणी दाखवायची. त्यावर किती राखीव क्षमता हवी ते काढायचे आणि मगच करार मागायचे.

तासाचा हिशेब हीच यातली खरी सुधारणा. दाभोळच्या वेळी कोणी तो मागितला असता तर? असो.

सौर पॅनेल एवढे वाढले, मग अंदाज सोपा व्हायला हवा ना?

अवघड झाला. छतावर पॅनेल बसवलेला ग्राहक दुपारी यंत्रणेला दिसतच नाही आणि सूर्य मावळला की एकदम दिसतो. शेतीच्या फीडरना सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॅटचे लक्ष्य आहे, म्हणजे शेतीचा भार रात्रीतून दिवसात येणार. दुपारी वीज स्वस्त आणि मुबलक, संध्याकाळी सात ते दहा महाग आणि तुटपुंजी. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापर केल्यास सवलत देण्यामागे हेच गणित आहे. गिरणीवाल्याने दळण दुपारी काढावे, अशी अपेक्षा.

आणि डेटा सेंटर?

नवी मुंबईत आणि परिसरात ती झपाट्याने येत आहेत आणि वीज रात्रंदिवस सारखीच ओढतात. जोडणीसाठी अर्ज केलेला प्रत्येक मेगावॅट खरोखर वापरला जाईल, असे धरून करार केले तर दाभोळचीच चूक नव्या कपड्यांत होईल. अर्ज आणि वापर यांतला फरक प्रत्येक याचिकेत वेगळा मागायला हवा.

२०२५ मध्ये दर कमी झाले म्हणाले, मग परत काय झाले?

२८ मार्च २०२५ ला आयोगाने पाच वर्षांचा आदेश दिला आणि दर घटवले. महावितरणने तोटा होईल असे सांगितले आणि २ एप्रिलला आदेशाला स्थगिती मिळाली. २५ जूनला फेरआढाव्याचा नवा आदेश आला. फेरआढाव्यात बाधित ग्राहकांचे म्हणणे ऐकले गेले नाही, अशी तक्रार घेऊन काही जण न्यायालयात गेले. पाच वर्षांच्या विक्रीचा आणि खरेदीचा अंदाज तीन महिन्यांत दोन वेगवेगळ्या रूपांत समोर येतो, तेव्हा लोकांना शंका येणारच.

मी एकटा माणूस काय करू शकतो?

वाटते त्यापेक्षा जास्त. दराची याचिका आली की कलम ६४ प्रमाणे ती प्रसिद्ध करावी लागते. वर्तमानपत्रात बारीक टायपातली जाहिरात येते, ती वाचा. पूर्ण याचिका संकेतस्थळावर असते. हजार पाने बघून दचकू नका. तीनच तक्ते शोधा: वर्गवार विक्रीचा अंदाज, प्रकल्पवार वीज खरेदी आणि गळती. मागच्या याचिकेत या वर्षासाठी काय सांगितले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढाच प्रश्न विचारा. त्याचे उत्तर त्यांना लेखी द्यावे लागते.

सुनावणी नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी होते. वकील लागत नाही. मागे एका सुनावणीत एक शेतकरी आपल्या फीडरची लॉगशीटच घेऊन आला होता. महिनाभर थ्री फेज कधी आली, कधी गेली, वहीत पेनने लिहिलेले. समोरच्या अभियंत्याकडे त्या फीडरचा तास-तपशील नव्हता. दहा मिनिटे सगळे त्या वहीतूनच बोलत होते.

ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी आयोगाने काही संस्थांना प्रतिनिधी म्हणून मान्यता दिलेली आहे. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आणि मुंबई ग्राहक पंचायत यांचे काम त्यात जुने आहे. त्यांची निवेदने वाचली तर कुठे बोट ठेवायचे ते कळते.

आदेश पटला नाही तर?

दिल्लीच्या विद्युत अपीलीय न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत अपील करता येते. स्वतःच्या बिलाची किंवा जोडणीची तक्रार असेल तर तो मार्ग नव्हे. त्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहे.

हरकत मराठीत लिहिली तर चालते का?

चालते. पान नंबर आणि तक्ता क्रमांक मात्र न चुकता टाका.